झाडून नेलेल्या शेंगा

१२ मे, रविवार

मुंड्या हलवायला काय जातंय. होळीच्या ग्रामसभेत सगळ्यांनी हलवल्या. घरटी एक माणूस, गायरान साफ करायचं, व्हय व्हय व्हय. आज कोण आलं? कुत्रं आलं न्हाई. बचत गटातल्या आमी सात बाया पहारी घेऊन उन्हात, आणि बाप्ये पारावर सावलीला. वरनं आमच्याकडं बघत्यात, जसा काय तमाशा चाललाय.

सरपंच गाडीवरनं गेला. थांबला न्हाई. हॉर्न वाजवला. झाली मदत.

हौसामावशी म्हणाली, "इमले, पुढच्या बारीला मुंडी हलवली की त्याच्या हातात तितंच कुदळ द्यायची." तिला एक पाय धड टाकता येत न्हाई, पण ती आली. पारावरच्यांना पाय दोन दोन हायेत.

सगळं गायरान वेड्या बाभळीनं खाल्लंय. बाभळ न्हाई तिथं गाजरगवत. भुकेपोटी गाय गाजरगवताला तोंड लावती, मग दूध कडू. परवा डेअरीवाल्यानं कॅनमधलं बोटावर घेऊन चाटलं आणि कॅन तसाच परत ढकलला. चार माणसांत. सासूबाई सांगायच्या, ह्याच माळावर कमरेला लागंल असं पवन्या गवत हुतं. आता दात कोरायला काडी मिळायची न्हाई. आमचे हे उसाचं वाढं आणायला पार कारखान्याच्या पट्ट्यात जातात.

सरपंचाची अट अशी. श्रावणापर्यंत गवत दिसलं तर वर्षभर चराईबंदी, गवत कापून न्यायचं, गटानं राखायचं. न्हाई दिसलं तर गायरान मोकळं, ज्याची जनावरं त्यानं सोडावी. मी म्हणाले, चालंल.

चालंल म्हणाले खरी. हाताला फोड आलेत. पेन धरवत न्हाई.

१६ मे

शेवटचा बुडखा निघाला. वरनं तोडून भागत न्हाई, मूळ ठेवलं की पावसात चौपट फुटती. पहारीनं खणून काढली एकेक. काटा हौसामावशीच्या चपलेतनं आरपार टाचेत. ती रडली न्हाई, शिव्या दिल्या. सरपंचाला दिल्या, काटा त्याचा नव्हता तरी.

मग शेंगा. बाभळी पाडताना पिकलेल्या शेंगांचा सडा पडलेला. मी म्हणाले, एक शेंग ठेवायची न्हाई. खराटे आणा. सगळ्याजणी हसल्या. माळ झाडायचा? झाडायचा. झाडला. दगडाच्या फटीतली सुद्धा बोटानं काढली. पारावरनं कोणतरी वरडलं, "सडा टाकून रांगोळी बी काढा." पोती भरली.

मी म्हणत हुते आताच जाळू. मंदा म्हणाली, "आक्का, एवढ्या गोड शेंगा, जनावरं मिटक्या मारून खात्यात. जाळायच्या कशाला? ठेवते माझ्या गोठ्यात, बघू कुणाला देता आल्या तर." मंदा माझी धाकटी जाऊ. काही वाया घालवायचं म्हणलं की तिच्या पोटात दुखतं.

म्हणाले, बघ बाई. ह्या माळावर न्हाई राहिल्या म्हणजे झालं.

२० मे

राहुरीहून फोन. माझ्या लेकीचे, पूजाचे दिवस भरलेत, तिची सासू अंथरुणाला, घरात दुसरं बाईमाणूस न्हाई. जावं लागणार. सगळं मंदावर सोपवलं. एक खूर चरायला आत येऊ द्यायचा न्हाई. दुसरं, ती पोती आमावस्येच्या आत घालव.

ह्यांना सांगितलं, गाईला वाढं टाका. म्हणाले, "तुझं गवत कधी येणार?" तुझं. गवत माझं. गाय कुणाची मग?

२ जून, राहुरी

मुलगी झाली. बाळबाळंतीण ठीक. नाक आमच्या घरचं.

दुपारी फोन केला. मंदा खूश. पोती गेली म्हणाली, एक बी उरलं न्हाई. मी म्हणाले, बरं झालं, ब्याद गेली. आणि काय तर धनगर बिरूमामानं मेंढ्या बसवल्या गायरानात! आपल्याकडं पेरणीआधी रानात मेंढ्या बसवतातच, लेंड्या मुताचं खत, त्याच्यासारखं खत न्हाई. पण दाणे द्यावे लागतात, रोख द्यावी लागती, गटाकडं काय हाय. मी इचारलं, काय घेतलं त्यानं? "काय न्हाई आक्का. दाणा न्हाई, रुपया न्हाई. तुमी या तर खरं." मला खरंच वाटंना. बिरूमामा आणि फुकट?

इथल्या शेजारच्या शेतकऱ्याकडं मारवेल गवत हाय. बांधावर दाट. ठोंबं मागितली, दिली त्यानं. ओल्या गोणपाटात बांधून ठेवलीत.

९ जून, रविवार

आले. स्टँडवरनं घरी न जाता आधी गायरानात. बघतच राहिले. सगळा माळ काळा. लेंड्याच लेंड्या, जशी कुणी काळी ज्वारी वाळत घातलीय. आमचा मुरमाड माळ, त्याच्या नशिबात असं खत कधी पडलं नव्हतं. मंदाच्या पाठीत धपाटा घातला. म्हणाले, मंदे, तू सरपंच व्हय.

ती लाजली. "तुमी न्हाई का माळ झाडून घेतला, मग मी त्याला जेवू घातलं."

पाऊस दोनदा पडून गेलाय. ओल चांगली. उद्यापासून पेरणी.

१२ जून

मारवेलची ठोंबं वरच्या अंगाला लावली. खाली हमाटाचं बी फेकलं. कृषीच्या साहेबांनी दिलं हुतं, चाऱ्याचं हाय म्हणाले, गवतासारखं न्हाई, मेथीसारखं पान येतं, दूध वाढतं. गावात कुणी बघितलेलं न्हाई. मी पण न्हाई.

हौसामावशी म्हणाली, "हमाटा म्हणजे काय गं? नाव तर कुस्तीवाल्याचं वाटतंय."

१८ जून

उगवलं!! सगळीकडं. दोन दोन पानं, जाड, हिरवीगार. इतकं दाट की पाय ठेवायला जागा न्हाई. एवढं बी फेकलं हुतं का आपण? मंदा म्हणती, खताची करामत.

मी पायातल्या चपला काढूनच आत गेले. मंदाची दोन शेरडं कडेला आली तर त्यांच्यामागं दगड घेऊन पळाले. मंदाला राग आला न्हाई, ती पण पळाली.

सरपंचाला बोलावून दाखवलं. कडेला उभा राहून बघितलं त्यानं. "कमाल हाय वैनी." मुंडी हलवली. ह्या वेळी मला बरं वाटलं.

गूळ वाटला सगळ्याजणींना. पारावर पण नेऊन दिला. खाल्ला, हात पुसले.

२४ जून, सोमवार

काय लिहू.

सकाळी हौसामावशीला घेऊन गेले बघायला. चार दिवस अंगात कणकण हुती म्हणून गेले नव्हते. मावशी वाकली. एक रोप दोन बोटांत धरलं. सोडलं. दुसरं धरलं. मग माझ्याकडं बघितलं.

म्हणाले, काय झालं?

"इमले, हे मेथीसारखं पान हाय का?"

मी बघितलं. चिंचेसारखं बारीक बारीक पान. आणि देठापाशी, पांढरा, केसाएवढा, मऊ अजून. काटा.

पुढं गेले, तेच. मागं आले, तेच. सगळा माळ. वेडी बाभळ. सगळा माळ वेडी बाभळ. मी हिच्यासाठी गूळ वाटला. चपला काढल्या.

मावशीनं हाताला धरून बांधावर बसवलं. हमाटा मध्ये मध्ये हाय, शोधला तर दिसतो, केविलवाणा. वर मारवेलनं जीव धरलाय. पण खाली सगळं

झोपते.

२५ जून, मंगळवार

कुठनं आली? एकेक शेंग वेचली हुती. वाऱ्यानं येती का? शेंग उडत न्हाई. पाखरानं? एवढी?

सकाळी परत गेले. जिथं जास्त दाट, तिथं बसले. बसल्यावर दिसलं. रोपं एकटी न्हाईत, झुबक्या झुबक्यानं. आणि झुबका जिथं, तिथं लेंड्या. एक ओली लेंडी फोडली बोटांनी. आत बी. फुगलेलं, मोड आलेलं. दुसरी फोडली. बी.

तसंच बाजार गाठला. बिरूमामाचा तळ आता बाजाराच्या गावाजवळ पडलाय हे ठाऊक हुतं. भेटला. लोकर विकत हुता. मी म्हणाले, कुठं चारून आणलीस रे मेंढरं? आमच्या माळाचा घात केलास. लई बोलले. माणसं जमली.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माझ्यावर कशाला वरडता ताई. कुठं चारणार? तुमच्याच शेंगा की. तुमच्या जावेनं पोती दिली, तीच माझी खतावळ, मेंढ्या बसवायचं मोल. म्हणून तर दाणे घेतले न्हाईत. मेंढरं रोज तिन्हीसांजेला शेंगा खायची न तितंच बसायची."

मागं पोतं हुतं त्याच्यावर बसले. दुकानदार म्हणाला, "बाई, उठा, मिरची हाय."

झाडून नेलं. खराट्यानं. बोटानं. पोत्यात भरलं. आणि मेंढरांच्या पोटातनं परत तितंच आणून पेरलं, वर खत घालून. आमीच.

जाळल्या असत्या तर?

२६ जून

मंदाला सांगितलं. आधी म्हणाली, पोटात बी शिजत न्हाई का? मेंढरू काय चूल हाय, मी म्हणाले. गोड साल तेवढी खातंय, बी जसंच्या तसं. उलट पोटात भिजून मऊ पडतंय, लवकर फुटतंय.

मग तिला पण राग आला. "तुमीच म्हणाला ब्याद घालव. फोनवर बरं झालं म्हणाला."

खरं हाय. म्हणाले हुते. कुठं गेली हे इचारलं न्हाई, फुकट म्हणल्यावर दोघींनाही गोड लागलं. पण तेव्हा डोकं फिरलेलं. म्हणाले, "तुला काय. दसरा झाला की कोयता घेऊन नवऱ्यामागं ऊसतोडीला जायचं. काटे आमी तुडवायचे."

ती म्हणाली, "कोयता घेऊन जाते म्हणूनच माझी शेरडं तुमच्या दावणीला ठेवते, आक्का. ती काय खातील म्हणून तुमच्याबरोबर मुळ्या खणल्या." गेली.

दुपारी पाण्याला मंदाचा माझ्या आधी नंबर हुता, तो तिनं सोडला. मी आले की ती गेली.

३० जून, रविवार

ग्रामसभा. सगळं गाव. एरवी कोण येत न्हाई, आज चेष्टा ऐकायला आलेले.

सरपंच उठला. "वैनी, एक सांगा. तुमी बाभळ काढायला घेतली हुती का पेरायला?"

हसले. लई हसले. सरपंचाची बायको पण हसली, ती आमच्या गटात हाय.

मी म्हणाले, हसून झालं असंल तर ऐका. चूक झाली ती आमची. पण आता रोप बोटाएवढं हाय. जमीन ओली हाय. दोन बोटांनी वर येतंय, मुळासकट. घरटी एक माणूस आला तर आठवड्यात माळ मोकळा. मारवेल जगलाय, हमाटा हाय. उघडीप पडून जमीन आवळली की मूळ खाली जातंय, मग परत पहार.

सरपंच म्हणाला, अट गवताची हुती, जंगलाची न्हाई. श्रावणाची वाट कशाला बघायची, गायरान मोकळं करू, जनावरं रोपं खाऊन टाकतील.

मी वरडले. वेड्या बाभळीच्या पाल्याला शेरडू तोंड लावतंय का? कुणी बघितलंय? ते मारवेल खाईल, हमाटा खाईल, आणि बाभळीला जागा करून देईल. सरपंच म्हणाला,

"मोकळं करायचं, हात वर."

वर झाले हात. मी बघत गेले, हा, हा, हा. तिसऱ्या ओळीत आमचे हे. हात वर. माझ्याकडं बघत नव्हते.

मला आधी वाटलं डोकं खाजवतायत.

शेवटी हौसामावशीनं गोंधळ घातला म्हणून ठराव लिहिला न्हाई. आठ तारखेच्या सोमवारी परत बसायचं ठरलं.

त्याच दिवशी, नंतर

घरी आल्यावर इचारलं. हात कुणाचा हुता? माझ्या घरातला?

म्हणाले, "इमल, वाढं आणून आणून माझी मान मोडली. दोन महिने गाय दावणीला बांधून ठेवलीय तुझ्या बंदीपायी. बाभळीखाली का होईना, चार काड्या तरी खाईल."

खोटं न्हाई ते. मान दुखती त्यांची, रात्री मीच तेल लावते. पण एकदा सांगायचं हुतं घरात. गावासमोर हात करायच्या आधी. मला सांगायचं.

जेवण वाढलं.

२ जुलै

पहाटे गेले एकटीच. उपटायला लागले. थोड्या वेळानं मावशी आली, बसून बसून उपटती. मग गटातल्या आणखी दोघी. सरपंचाची बायको आली न्हाई.

ओल्यात सोपं हाय. खाली धरायचं, जमिनीपाशी, सरळ ओढायचं. वाकडं ओढलं की तुटतं आणि राहिलेलं परत फुटतं. एकेक झुबका म्हणजे मूठभर. दुपारपर्यंत अंगणाएवढी जागा मोकळी झाली. मध्ये हमाटा उभा राहिलेला दिसला. तीन पानं, मेथीसारखी. खरंच मेथीसारखी. हा असा दिसतो तर.

डोकं वर केलं तर पार खालच्या टोकाला कुणीतरी वाकलेलं. हिरवं लुगडं. मंदा. एकटी. आमच्याकडं पाठ करून. मावशी म्हणाली, हाक मार. न्हाई मारली. तीही आली न्हाई. पण तिच्यामागं मोकळी पट्टी पडत चालली हुती, सरळ, ऊस तोडल्यासारखी.

अशा पाच-सहाजणींनी हे व्हायचं न्हाई. कितीही केलं तरी. आभाळ फाकायला लागलंय. ऊन पडलं की

४ जुलै, गुरुवार

कालचा दिवस कोरडा गेला, आजही पाऊस न्हाई. सकाळी दोन रोपं उपटली. एक मावशीच्या बाजूचं, सावलीला, ओलीतलं. एक वरच्या उताराचं, जिथं जमीन वाळली. सावलीतलं लगेच आलं, मूळ वीतभर. उतारावरचं खुरप्यानं काढावं लागलं, मूळ हातभर, आणि टोक तरी तुटलंच. काटा आता मऊ न्हाई.

दोन्ही घेऊन स्टँडवरच्या हॉटेलात गेले. सगळे तिथंच हुते. बायका तिथं जात न्हाईत. गेले. सरपंचाच्या टेबलावर चहाच्या कपांच्या मध्ये ठेवली दोन्ही रोपं, मातीसकट.

म्हणाले, हे ओलीतलं, हे वाळलेलं. एकच वय दोघांचं. आठ दिवसांनी सगळा माळ ह्या दुसऱ्यासारखा. मग मोकळं करा, बंद करा, आग लावा, उपयोग न्हाई.

सरपंच म्हणाला, "बघू वैनी. सोमवारी बसायचंच हाय." आणि मुंडी हलवली.

मी म्हणाले, "मुंडी नको. तोंड उघडा. सोमवारी उपटायला येणार का न्हाई, रविवारी येऊन सांगा."

कुणी उघडलं न्हाई. बशीतला चहा प्यायचा आवाज तेवढा. हॉटेलवाल्यानं माती पुसायला फडकं आणलं, मी म्हणाले, राहू दे ती, बघू दे त्यांना.

घरी येऊन ह्यांना तेच सांगितलं. हे म्हणाले, "मला पण?" मी म्हणाले, "तुमाला सगळ्यात आधी."

मग मंदाच्या दारात गेले. ती भाकरी थापत हुती. उभ्या उभ्याच म्हणाले, कोयत्याचं बोलले ते परत घेतलं. ते बोलायचं नव्हतं. पण तुझं बी उत्तर पाहिजे, पाठ फिरवून उपटलेलं चालणार न्हाई, आमच्यात येऊन सांग. तिनं वर बघितलं न्हाई. तव्यावरची भाकरी करपली तरी उलटली न्हाई.

रविवारी मंदिरापुढं बसणार मी, दुपारपासून. दिवस मावळायच्या आत येऊन सांगायचं, सरपंचानं, ह्यांनी, मंदानं, पारावरच्या एकेकानं. सोमवारी सभेच्या आधी उपटायला येणार का न्हाई. येणार म्हणा, न्हाई म्हणा, मी भांडणार न्हाई. पण तोंडानं. हलवलेली मुंडी मी धरणार न्हाई.